पलासियाकडचं सप्लिमेंटचं दुकान: माल चांगला, सल्ला मात्र घेऊ नका

पाचपैकी तीन स्टार. नुसता माल, भाव आणि बिल बघितलं असतं तर साडेचार दिले असते, पण काउंटरवर जो सल्ला फुकट मिळतो ना, त्याचे दीड कापले. दुकानाचं नाव टाकत नाहीये. एक तर मालक आपल्यातलाच, मराठी माणूस, बोलायला चांगला आहे, आणि दुसरं म्हणजे असं दुकान इंदूरात एकच थोडी आहे, विजयनगरला जा, भंवरकुआंला जा, अन्नपूर्णाकडे या, तीच काचेची शेल्फं, तेच दंड फुगवलेले पोस्टर आणि तेच काळे डबे. त्यामुळे हा रिव्ह्यू एका दुकानाचा असला तरी बाकीच्यांनाही बऱ्यापैकी लागू पडेल.

मी स्वतः काही पैलवान नाही. भाची ८०० मीटर पळते, सतरा वर्षांची आहे, स्टेटपर्यंत जाऊन आलीये, आता तिला प्रोटीन सुरू करायचं होतं आणि ताई म्हणाली तू जा तिच्याबरोबर, तुला नाहीतरी डब्यांवरची बारीक अक्षरं वाचायची हौस आहे. ते खरंय.

आधी चांगलं सांगतो. दुकान स्वच्छ, एसी, घाई नाही, डबा हातात घेऊन बघू देतात. व्हे प्रोटीनचे डबे सीलबंद, आतल्या झाकणाची फॉइल शाबूत, एफएसएसएआयचा चौदा आकडी लायसन नंबर छापलेला, स्क्रॅच करून कोड तपासायचा असेल तर तुमच्यासमोर तपासतात. भाव एमआरपीपेक्षा चांगलाच खाली, ऑनलाइनच्या जवळपास, आणि मुख्य म्हणजे छापील बिल देतात, ते पण न मागता. इंदूरात न मागता बिल म्हणजे बघा. शेकर फुकट मिळाला. कुल्फी फ्लेवर घेऊ नका, घशाशी येतो, साधा चॉकलेट घ्या.

आता दीड स्टारचं.

आम्ही आत शिरल्या शिरल्या काउंटरवरच्या पोराने भाचीकडे बघून पहिला प्रश्न काय विचारला, तर "कौन से सर के यहाँ से हो?" म्हणजे वय नाही, खेळ कुठला नाही, आधी काही घेतेस का, काही नाही, सर कोण ते सांग. मला वाटलं ओळखीचं काही असेल. तर त्याने एक लांब वही काढली, वरती रकाने आखलेले, एका रकान्यात मुलाचं नाव, दुसऱ्यात डबा कुठला, तिसऱ्यात सरांचं नाव. मी म्हटलं हे कशाला, तर हसून म्हणतो, "सर को भी कुछ पॉइंट मिल जाते हैं ना अंकल." पॉइंट! आता ते पॉइंट कसले आणि कुठे जमा होतात ते सांगायची गरज नाही. वहीत खूप नावं होती, काही सरांची तर पानभर.

माझ्या मते या दुकानातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू ती वही आहे. आपण पेपरात वाचतो की अमुक खेळाडू डोपिंगमध्ये सापडला, आणि डोळ्यांपुढे येतं की कोणीतरी दरवाजा बंद करून सुई टोचून घेतोय, ठरवून, लबाडी करून. तसेही असतात, भरपूर असतात. पण सोळा-सतरा वर्षांचं पोरगं काही ठरवत नसतं, ते फक्त ऐकतं. सरांनी सांगितलं, सिनिअर दादाने सांगितलं, काउंटरवरच्या दंडवाल्या भैयाने मान डोलावली, झालं. डब्यात काय आहे हे सरांना विचारायचं नसतं, कारण सरांना विचारणं म्हणजे त्यांच्यावर शंका घेणं, आणि ज्यांच्यावर शंका घेतली ते उद्या टीममध्ये नाव घालतील का? आमच्या घरात पण हेच चालत आलंय, गुरूला उलटून विचारायचं नाही. आणि तेच सर जर वहीतल्या तिसऱ्या रकान्यात असतील तर मग कठीण आहे सगळं.

बरं, कोणी म्हणेल एवढं काय, प्रोटीनच तर आहे. मान्य. व्हे प्रोटीन बंदी यादीत नाही, क्रिएटिन नाही, कॅफिनसुद्धा नाही, त्याच्यावर वाडाची, म्हणजे जगभरच्या डोपिंगविरोधी संस्थेची, फक्त नजर असते. प्रश्न डब्यावर जे लिहिलंय त्याचा नाहीच, जे लिहिलेलं नाही त्याचा आहे. मी भाचीसमोर सरळ विचारलं, याने टेस्टमध्ये काही येणार तर नाही ना. पोरगा एक सेकंद थांबला नाही. "अरे अंकल, सब ले रहे हैं. नॅशनल वाले भी."

हे "सब ले रहे हैं" जे आहे ना, मला वाटतं डब्यातल्या कुठल्याही पावडरीपेक्षा हे जास्त जोरात लागू होतं. एकदा पोराच्या डोक्यात बसलं की सगळे घेतात, की मग न घेणारा तो बावळट ठरतो. आणि गंमत म्हणजे हे वाक्य पूर्ण खोटं पण नाही, म्हणूनच चालतं. २०११ मध्ये दक्षिण कोरियात देगूला जागतिक अ‍ॅथलेटिक्स झालं, तिथं खेळाडूंना नाव न कळू देता, उत्तर कोणाचं ते कोणाला समजणार नाही अशा पद्धतीने विचारलं होतं, तर गेल्या वर्षभरात डोपिंग केलं असेल अशांचा अंदाज निघाला ४३.६ टक्के. आणि लघवीच्या टेस्टमध्ये सापडतात साधारण शंभरात एक-दोन. आपल्याकडचं बघायचं तर वाडाच्या २०२४ च्या आकड्यांत भारताच्या नाडाने (आपली डोपिंगविरोधी संस्था) ७,११३ सॅम्पल घेतले, २६० पॉझिटिव्ह, म्हणजे ३.६ टक्के, भरपूर टेस्ट करणाऱ्या देशांत आपण सगळ्यात वर, आणि ते पण लागोपाठ तिसऱ्या वर्षी. शरमेची गोष्ट आहे, पण हेही बघा ना, ४३ टक्के धरले तरी निम्म्याहून जास्त लोक घेत नाहीत. "सब" कुठून आलं? अमेरिकेत एक गोल्डमन नावाचे डॉक्टर होते, ते ऐंशीच्या दशकात खेळाडूंना विचारायचे की सोनं नक्की मिळेल पण पाच वर्षांत मराल, अशी गोळी घ्याल का, आणि निम्मे हो म्हणायचे म्हणे. हा किस्सा प्रत्येक सेमिनारात ऐकवतात. पण २०१३ मध्ये दुसऱ्या लोकांनी तोच प्रश्न २१२ खेळाडूंना विचारला तर हो म्हणाले फक्त दोघं. हे कोणी ऐकवत नाही, यात मसाला नाही ना.

आता डबा. भाचीच्या एका मैत्रिणीने प्री-वर्कआउट सांगितलं होतं, पळायच्या आधी प्यायचं, मस्त किक येते वगैरे. पोराने लगेच काढून दिलं, बाहेरच्या देशाचा माल. डब्याच्या मागे इम्पोर्टरचं पांढरं स्टिकर, आणि ते बरोब्बर घटकांच्या चौकटीवर चिकटवलेलं. नखाने कोपरा उचलला तर पोरगा म्हणाला अंकल वो मत निकालो, पण तोवर निघालं होतं. खाली लिहिलेलं "प्रोप्रायटरी ब्लेंड", एकूण इतके मिलिग्रॅम, आणि मग सात-आठ नावं, कुठलं किती ते नाही. म्हणजे कंपनी म्हणते आमचं सिक्रेट आहे, तुम्ही फक्त प्या. त्या यादीत काहीतरी जिरेनियमचा अर्क होता. कॉलनीतल्या आज्यांच्या कुंडीत असतं ते जिरेनियम. पण याच नावाखाली मिथाइलहेक्झानामीन हे बंदी असलेलं उत्तेजक विकत असत, आणि २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थच्या तोंडावर आपले कितीतरी खेळाडू त्याच्यातच सापडले होते. हा डबा त्यातलाच आहे असं मी म्हणत नाही, मला लॅब नाही. पण पोराला विचारलं हे काय आहे, तर "फूल का होता है, नॅचरल है."

नॅचरल शब्दावर आपण लोक किती पटकन विरघळतो. २०१० ला दिल्ली कॉमनवेल्थ आणि ग्वांगझू एशियाड, दोन्हीकडे आपल्या मुलींनी ४×४०० रिलेचं सोनं आणलं, सगळे आनंदाने वेडे झाले होते, आठवत असेल. पुढच्याच वर्षी त्या चौघींतल्या तिघी स्टिरॉइडमध्ये सापडल्या. त्यांचं म्हणणं होतं की युक्रेनच्या कोचने चीनमधून आणलेल्या जिनसेंगच्या गोळ्या दिल्या, त्यातूनच आलं. कोचला काढलं. मुलींना आधी एक वर्ष बंदी होती, मग स्वित्झर्लंडच्या कॅस कोर्टाने, जिथं खेळातले वाद जातात, ती दोन वर्षं केली. परत तोच मामला, सरांनी दिलं आणि पोरींनी घेतलं. तुम्ही म्हणाल बिचाऱ्या, मी पण म्हणतो बिचाऱ्या, पण नियम असा आहे की शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, कोणी दिलं, कसं गेलं, माहीत होतं की नव्हतं, हे सगळं नंतर, आणि ते सिद्ध पण खेळाडूनेच करायचं. आपला नरसिंग यादव, तीन वेळचा महाराष्ट्र केसरी, २०१६ ला रिओत पोचला होता, म्हणाला माझ्या खाण्यात कोणीतरी मिसळलं, इथं नाडाने मानलं, तिकडे कॅसने कुस्तीच्या आदल्या दिवशी चार वर्षं घरी बसवलं.

आणि डब्यात न लिहिलेलं असणं ही काही लाखात एक गोष्ट नाही. जर्मनीत कलोनच्या लॅबने वीस-पंचवीस वर्षांपूर्वी तेरा देशांतले ६३४ सप्लिमेंट विकत घेऊन तपासले होते, त्यातल्या ९४ मध्ये लेबलवर नसलेले स्टिरॉइडच्या जातीचे पदार्थ निघाले. जवळपास पंधरा टक्के. आता माल सुधारला असेल, काही कंपन्या प्रत्येक बॅच तपासून घेतात आणि डब्यावर तसा शिक्का लावतात, बॅच नंबर टाकला की वेबसाइटवर दिसतं. या दुकानात असे दोन-तीन ब्रँड आहेत, महाग आहेत, खालच्या शेल्फवर धूळ खात पडलेत. पोराला शिक्क्याचा अर्थ माहीत नव्हता. मालकाला होता.

मालक म्हणजे एकेकाळचा बॉडीबिल्डर, आता पोट सुटलंय, पण माणूस खरं बोलतो. त्याला बाजूला घेऊन म्हटलं, अहो हे प्री-वर्कआउट खेळणाऱ्या मुलीला का देता. म्हणाला, "काका, मला जर विचारलं की खेळायला आहे तर मी नाही देत. पण पोरं सांगतच नाहीत. आणि दिवसभर काउंटरवर मी नसतो." मग स्वतःहूनच म्हणाला की त्याला जास्त भीती भरतीवाल्या पोरांची वाटते. भंवरकुआंकडून येतात, पोलीस, फौज, फिजिकलची तारीख आली की येतात, आणि थेट इंजेक्शनचं नाव घेऊन विचारतात. मेफेंटरमीन. हे ऑपरेशनच्या वेळी पडलेलं ब्लडप्रेशर वर आणायचं औषध आहे हो, आणि जिममधली पोरं ते दम टिकावा म्हणून टोचून घेतात. "माझ्याकडे नाही ठेवत," म्हणाला. मी विश्वास ठेवला. पण त्याने "कुठे मिळतं ते पोरांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे" असंही म्हटलं, तेही खरं असणार.

यात नुसतं पोरांना नावं ठेवून कसं चालेल. एका मेडलवर रेल्वेत नोकरी, एका मेडलवर पोलिसात, स्टेटचं सर्टिफिकेट असलं तर कॉलेजात अ‍ॅडमिशन, मग घरचे पण विचारतात की यंदा तरी येणार ना मेडल. त्याच सुमारास गुडघा दुखायला लागतो, किंवा दोन वर्षं टायमिंग सुधारत नाही, किंवा ज्युनिअरमधून सिनिअरला गेल्यावर मागे पडायला होतं. बरोबर तेव्हाच कोणीतरी काहीतरी सुचवतं. आणि सापडायची भीती म्हणाल तर जिल्ह्याच्या मीटला सॅम्पल घेणारे मी तरी कधी पाहिले नाहीत. भीती असली की काय होतं ते २०२३ च्या सप्टेंबरात दिल्लीच्या राज्य स्पर्धेत दिसलं, नाडावाले आले कळल्यावर पुरुषांच्या १०० मीटर फायनलला आठापैकी एकच जण उभा राहिला, आणि स्टीपलचेसची एक मुलगी फिनिश लाइन ओलांडून पळतच राहिली, मागे सॅम्पलवाले! हसू येतं, पण हसायचं कोणाला. ती मुलगी कोणाच्या तरी सांगण्यावरून काहीतरी घेऊन आली असेल, आणि ज्याने सांगितलं तो स्टँडमध्ये बसला असेल.

इंदूरचं नाव पण या प्रकरणात आलेलं आहे, बऱ्याच जणांना माहीत नसतं. पृथ्वी शॉचा जो सॅम्पल पॉझिटिव्ह निघाला तो इथलाच, २२ फेब्रुवारी २०१९, मुश्ताक अली ट्रॉफीची मॅच. टर्ब्युटालिन, हे बंदी यादीतलं, खोकल्याच्या औषधातून गेलेलं. आठ महिने बाहेर. त्याच्या आधी बडोद्याचा युसूफ पठाण, तेच टर्ब्युटालिन, पाच महिने. दोघांच्याही बाबतीत क्रिकेट बोर्डाने मान्य केलं की फायदा उठवायला घेतलं नव्हतं, तरी बंदी झालीच. म्हणजे सप्लिमेंटच्या दुकानात न जाता घराजवळच्या मेडिकलमधूनही गोष्ट होऊ शकते. या निमित्ताने आमच्या कॉलनीतल्या मेडिकलवाल्या भाऊंना मुद्दाम विचारून आलो, की खोकल्याचं कुठलंही द्या पण टर्ब्युटालिन नको. त्यांनी चष्मा वर केला, एकेक खोका फिरवून मागचं वाचलं, तीन बाजूला ठेवले, चौथं दिलं, आणि म्हणाले "पोरीला कोणी पण औषध लिहून दिलं तरी आधी सांगायचं, मी खेळते म्हणून." हाच सल्ला मला सप्लिमेंटच्या दुकानातून हवा होता, तो कफ सिरपवाल्याकडून मिळाला, चकटफू. दम्याबिम्याचं औषध घ्यावंच लागत असेल तर आधी नाडाकडून परवानगी काढायची सोय आहे, डॉक्टरची कागदपत्रं लागतात. नाडाचं "नो युअर मेडिसिन" (Know Your Medicine) नावाचं अ‍ॅप पण आहे, औषधाचं नाव टाकलं की बंदीतलं आहे का ते दाखवतं. यादी दर १ जानेवारीला बदलते हे लक्षात ठेवा, ट्रॅमाडॉल ही दुखण्यावरची गोळी २०२४ पासून स्पर्धेच्या वेळी बंद झाली, त्याच्या आधी चालत होती.

भाचीचं म्हणाल तर तिचं नशीब चांगलं आहे, तिच्या सरांचं नाव त्या वहीत नाही. (मी बघितलं, उलटं वाचता येतं मला.) ते सर जरा विचित्र आहेत, मुलांना एक वही ठेवायला लावतात, काय खाल्लं, कुठली गोळी, डब्याचा बॅच नंबर काय, सगळं लिहायचं, आणि सिनिअर मुलीच ज्युनिअर मुलींच्या वह्या तपासतात. मला आधी वाटलं होतं सर स्वतःची मेहनत वाचवतायत. पण अमेरिकेत ओरेगॉनकडे शाळांच्या फुटबॉल टीमवर असंच काहीसं करून पाहिलंय, ३१ हायस्कूल, कोच आणि टीममधलीच मुलं शिकवणार, स्टिरॉइड काय करतं ते चांगलं-वाईट दोन्ही सांगायचं आणि त्याच्याऐवजी खायचं काय, व्यायाम कसा करायचा ते पण दाखवायचं, तर स्टिरॉइड घ्यायचा इरादा खरोखर कमी झाला. नुसतं घाबरवून काही होत नाही, कारण पोरगं बघतं की शेजारचा दादा घेतोय आणि मस्त फिरतोय, लिव्हर-बिव्हर काही फुटलेलं नाही, मग पोस्टरवर कोण विश्वास ठेवणार.

प्री-वर्कआउट भाचीने स्वतःच परत ठेवलं, मी काही बोललो नाही. काउंटरवाल्या पोराला म्हणाली, "भैया, इसका बैच टेस्टेड वाला आता है क्या?" तो म्हणाला मागवून देतो. बघू.

तर तुम्ही जाणार असाल तर सांगतो. साधी तब्येत बनवायची असेल, कुठे खेळायचं नसेल, तर बिनधास्त जा, भाव चांगला आहे. खेळणारं मूल असेल तर संध्याकाळी सातनंतर जा, तेव्हा मालक स्वतः असतो, आणि आत शिरताच सांगा की टेस्ट होते. बॅच तपासलेला, शिक्का असलेलाच डबा मागा, खालच्या शेल्फवर डावीकडे आहेत. बिलावर बॅच नंबर लिहून घ्या, देतात, थोडा आग्रह करावा लागतो. डब्याचा फोटो काढा, संपला तरी रिकामा डबा लगेच फेकू नका. प्री-वर्कआउट, फॅट बर्नर, टेस्टोस्टेरॉन बूस्टर, यांच्याकडे बघू पण नका, आणि काउंटरच्या खालून झिपच्या पिशवीत सुट्या कॅप्सूल काढून "ये अलग चीज़ है" म्हणून देतात ना, त्या तर हातात पण घेऊ नका, आमच्यासमोर एकाला दिल्या, त्याचं मात्र बिल झालं नाही. सरांचं नाव विचारलं तर सांगू नका, डिस्काउंट तेवढाच मिळतो.

पार्किंग नाही, गाडी मागच्या गल्लीत लावा, समोर लावली तर उचलतात. यूपीआय चालतं. रविवारी दुपारी दोननंतर बंद.